आतून उघडणारं दार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, आपल्याकडच्या एखाद्या जुन्या वाड्याचं दार आठवा. जाडजूड लाकडी फळ्या, त्यांवर लोखंडी खिळे, एका अंगाला दिंडी आणि आतल्या बाजूला भिंतीच्या पोटात सरकवलेला अडसर. हे दार आत उघडतं. कडी, अडसर सगळं आतच राहतं, म्हणजे बाहेरून आलेल्या दरोडेखोराचा त्याला हात लागू नये. दार घडवणाऱ्या सुताराच्या डोळ्यांपुढे बाहेरचा माणूस होता. आतून दोनशे पोरं एकाच वेळी बाहेर धावतील, असा विचार करायचं त्याला कारणच नव्हतं.

पण आपल्या कितीतरी शाळा अशाच वाड्यांतून सुरू झाल्या. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, ती बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात. त्या काळी मुलींच्या शाळेला जागा मिळाली हेच नवल होतं. दार कुठल्या बाजूला उघडतं हे कोण बघणार? पुढे शाळांना स्वतंत्र इमारती आल्या, पण दाराविषयीची आपली समजूत बरीचशी वाड्यातलीच राहिली. दार हे बाहेरच्याला अडवण्यासाठी असतं, ही ती समजूत. शाळेच्या दाराला ती किती महागात पडते, हे जगाला कसं कळत गेलं, त्याची हकिगत आज सांगायची आहे. हकिगत सुखाची नाही, हे आधीच सांगतो.

तिची सुरुवात शाळेत होत नाही, एका सभागृहात होते. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर संडरलंड आहे, तेव्हाचं जहाजबांधणीचं गाव. १६ जून १८८३, शनिवार. तिथल्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये खास मुलांसाठी जादूचे आणि करमणुकीचे खेळ होते. तिकीट एक पेनी. मोठ्या माणसांची गर्दी फारशी नव्हतीच. वरच्या गॅलरीत सुमारे अकराशे मुलं बसलेली. खेळ संपता संपता जाहीर झालं, की ठरावीक नंबरांची तिकिटं असलेल्या मुलांना बाहेर पडताना बक्षीस मिळेल. तेवढ्यात रंगमंचावरून खालच्या मुलांना भेटवस्तू वाटायला सुरुवात झाली. वरच्या मुलांना वाटलं, आपण राहूनच जाणार. ती जिन्याकडे धावली.

जिन्याच्या तळाशी दार होतं. ते आत उघडणारं होतं आणि जरासं किलकिलं ठेवून बोल्ट लावलेला होता. फट एवढीच, की एका वेळी एक मूल बाहेर पडावं. बहुधा तिकिटं तपासायला सोपं जावं म्हणून. पहिली काही मुलं निघाली. मग मागून लोंढा आला आणि पुढची मुलं दारावर दाबली गेली. बाहेरची मोठी माणसं मदतीला धावली, पण बोल्ट होता मुलांच्या बाजूला. बाहेरून तो काढता येईना आणि आतल्या मुलांना हात हलवायला जागा नव्हती. माणसांनी त्या फटीतून एकेक मूल ओढून काढायला सुरुवात केली. हॉलचा रखवालदार दुसऱ्या जिन्याने वर धावला आणि त्याने मागच्या शेकडो मुलांना दुसऱ्या वाटेने बाहेर नेलं. तरीही १८३ मुलं गेली. सगळ्यांत धाकटी तीन वर्षांची होती.

या दुर्घटनेत आग नव्हती, धूर नव्हता, छत कोसळलं नव्हतं. होता तो फक्त एक बोल्ट. चौकश्या झाल्या, तो बोल्ट कुणी लावला, हे मात्र ठरलं नाही. नंतर इंग्लंडमध्ये सार्वजनिक सभागृहांची दारं बाहेर उघडली पाहिजेत आणि पुरेशी पाहिजेत, असे कायदे झाले. रॉबर्ट ब्रिग्ज नावाच्या गृहस्थाने १८९२ मध्ये दारासाठी एका दांड्याचं पेटंट घेतलं. दाराच्या आतल्या बाजूला आडवा दांडा. त्याला अंगाने नुसता धक्का लागला तरी दार उघडतं. बाहेरून मात्र ते बंदच असतं. कल्पना साधी आहे, पण तिच्यात एक मोठी अडचण सुटते. चोराला आत येता येत नाही आणि लेकराला बाहेर जाता येतं. वाड्याच्या सुताराला हे दाखवलं असतं, तर त्याने नक्कीच मान डोलावली असती.

अमेरिकेत हाच दांडा वेगळ्या वाटेने आला. ३० डिसेंबर १९०३ ला शिकागोच्या इरोक्वा नाट्यगृहात नाताळच्या सुट्टीतला दुपारचा खेळ चालू असताना आग लागली आणि सहाशेहून अधिक माणसं दगावली. त्यांत मुलं आणि बायका फार. दारांना ज्या कड्या होत्या, त्या कशा उघडायच्या हे लोकांना कळेना. इंडियानापोलिसचा कार्ल प्रिन्झलर नावाचा हार्डवेअरचा विक्रेता त्या खेळाला जाणार होता. कामामुळे त्याचं जाणं राहिलं. ती गोष्ट त्याच्या मनातून जाईना. हेन्री ड्यूपाँट या वास्तुरचनाकाराच्या मदतीने त्याने तशाच दांड्याचं दार बनवलं आणि व्हॉनेगट हार्डवेअर कंपनीने ते १९०८ मध्ये बाजारात आणलं. (कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट त्याच घराण्यातले.)

त्याच १९०८ च्या ४ मार्चला ओहायो राज्यात, क्लीव्हलंडजवळच्या कॉलिनवूड गावातली शाळा जळाली. १७२ मुलं, दोन शिक्षिका आणि वाचवायला आलेला एक जण गेले. इमारत बाहेरून विटांची, आतून सगळी लाकडाची. गावात लगेच बोललं जाऊ लागलं, की दारं आत उघडणारी होती आणि कुलूपबंद होती. शाळेची देखभाल करणाऱ्या माणसावर लोक धावून गेले. त्याची स्वतःची मुलं त्याच आगीत गेली होती. चौकशीत निघालं ते निराळंच. दारं बाहेरच उघडत होती. जिना रुंद होता, पण त्याच्या तळाशी, मुख्य दाराच्या अलीकडे, आडोशाच्या भिंती घालून आणखी एक दार केलं होतं आणि तिथे वाट अरुंद झाली होती. रुंद जिन्यावरून उतरणारी मुलं त्या गळ्यात अडकली.

मला ही हकिगत फार बोलकी वाटते. लोकांना एक सोपा गुन्हेगार हवा असतो: कुलूप लावणारा गडी. खरा दोष नकाशात होता, आणि तो रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. आपल्याकडे जिन्याखाली मोडकी बाकं रचून ठेवतात, व्हरांड्याच्या टोकाला पत्र्याचा आडोसा करून क्रीडासाहित्याची खोली बनवतात, मागच्या दाराशी पोषण आहाराच्या तांदळाची पोती लावतात. हेही असंच डोळ्यांसमोर असतं. रुंद जिन्याचा गळा आपणच आवळतो.

यानंतर अर्धं शतक गेलं. नियम झाले, कवायती सुरू झाल्या. आणि १ डिसेंबर १९५८ ला पुन्हा शिकागोतच, 'अवर लेडी ऑफ द एंजल्स' या शाळेत ९२ मुलं आणि तीन शिक्षिका आगीत गेल्या. हे वाचताना माझं मन अजून अडखळतं, कारण त्या शाळेत बेकायदा असं जवळपास काहीच नव्हतं. काही आठवड्यांपूर्वीच तिची तपासणी होऊन ती उत्तीर्ण झाली होती. शहराने १९४९ मध्ये शाळांसाठी कडक नियम केले होते, पण ते नव्या इमारतींना. ही इमारत १९१० ची. तिला जुन्या नियमांची सवलत होती.

शाळा सुटायला थोडाच वेळ उरला होता. तळघरात, जिन्याच्या पायथ्याशी, कचऱ्याच्या पिंपाला आग लागली. जिना लाकडी आणि उघडा. खालच्या मजल्यावर जिन्याला दार होतं, ते बंद राहिलं आणि धूर तिथे अडला. वरच्या मजल्यावर दारच नव्हतं. धूर आणि तापलेले वायू सरळ वरच्या बोळात शिरले. वर्गाबाहेर पडायची वाटच बंद झाली. उरल्या खिडक्या. त्यांचे कठडे एवढे उंच, की लहानग्यांना चढता येईना. आणि खाली जमीन पंचवीस फुटांवर. आग विझवायची नळकांडी भिंतीवर सात फुटांवर टांगलेली. धोक्याची घंटा होती, पण ती अग्निशमन दलाला जोडलेली नव्हती. शिवाय मुख्याध्यापिकेच्या परवानगीशिवाय ती वाजवायची नाही असा शिरस्ता होता. धूर पाहून एक शिक्षिका मुख्याध्यापिकेला शोधायला धावली. त्या आजारी शिक्षिकेच्या जागी दुसऱ्या वर्गावर बदली तास घेत होत्या. बंब आले, पण खिडक्यांखाली शिड्या लावायच्या तर मध्ये लोखंडी कुंपणाचं कुलूपबंद फाटक. ते तोडण्यात मोलाची मिनिटं गेली.

घंटेचा शिरस्ता, फाटकाचं कुलूप, सात फुटांवरचं नळकांडं. यांतली एकही गोष्ट बदलायला वास्तुरचनाकार लागत नव्हता की मोठा पैसा लागत नव्हता. त्या आगीनंतर अमेरिकेत हजारो जुन्या शाळा दुरुस्त झाल्या. 'जुनी इमारत आहे, चालायचंच' हे तेव्हा कुठे मागे पडू लागलं.

आता आपल्याकडे येऊ. २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणातल्या डबवालीत एका शाळेचं स्नेहसंमेलन मंगल कार्यालयातल्या मंडपात चालू होतं. मंडपाला कृत्रिम धाग्याचं कापड, बाहेर पडायची वाट एक. चारशेहून अधिक माणसं गेली. त्यांत निम्म्याहून जास्त मुलं. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमला शाळेच्या स्वयंपाकघरातली आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुलं होरपळून मेली. एकाच इमारतीत एकाहून अधिक शाळा कोंबलेल्या होत्या आणि जिना अरुंद. कुंभकोणमच्या घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. एप्रिल २००९ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच, आणि देशातल्या शाळांनी राष्ट्रीय इमारत संहितेतले सुरक्षेचे नियम पाळावेत.

ही संहिता कुणी सहसा उघडून पाहत नाही. तिच्या अग्निसुरक्षेच्या भागात एक साधी अट आहे: बाहेर पडण्याचं दार आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे. संडरलंडच्या १८३ मुलांपासून निघालेली वाट या 'किल्लीशिवाय' शब्दाशी येऊन थांबते. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदाही आहे. त्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलै महिन्यात यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो. दाखला पंपाचा, नळीचा, नळकांड्याचा असतो. दुपारी दोन वाजता मागच्या फाटकाची किल्ली कुणाच्या खिशात आहे, हे दाखल्यात येत नाही.

मध्यंतरी एका ओळखीच्या बाईंच्या शाळेत गेलो होतो. बाई तिथे मुख्याध्यापिका आहेत. शाळा छान चालते. दुमजली इमारत, दोन जिने. मागच्या जिन्याच्या तळाशी सरकतं जाळीचं फाटक आणि त्याला हे एवढं कुलूप. मी सहज विचारलं, तर बाई म्हणाल्या, "अहो सर, काय करणार? मागे बोळ आहे. बाहेरचं कुणीही आत शिरतं, कुत्री येतात. मधल्या सुट्टीत मुलं पळतात. पालकच सांगतात, फाटक बंद ठेवा." बाईंचं चूक नव्हतं. बाहेरच्या माणसाची भीती आज खरीच आहे. अमेरिकेतही १९९९ च्या कोलंबाइनच्या गोळीबारानंतर शाळा बाहेरच्यांसाठी बंद होत गेल्या. वाड्याच्या सुताराची काळजी पुन्हा परत आली आहे, आणि ती अनाठायी नाही.

"किल्ली कुठे असते?" मी विचारलं. बाईंनी शिपाईमामांना हाक मारली. मामा म्हणाले, "ऑफिसातल्या खिळ्याला असते." खिळ्याला ती नव्हती. मग मामांना आठवलं, की सकाळी पाण्याच्या टाकीवाल्याला फाटक उघडून दिलं होतं. ते खाली गेले. आम्ही व्हरांड्यात उभे राहिलो. वर सातवीच्या वर्गात कुणीतरी मोठ्याने पाढे म्हणत होतं. मी घड्याळ पाहिलं नाही, बाईंनी मात्र पाहिलं. किल्ली येऊन, ते गंजलेलं कुलूप खडखडून उघडेपर्यंत सहा मिनिटं झाली होती.

बाई काही बोलल्या नाहीत. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, "सर, तो धक्क्याने उघडणारा दांडा म्हणालात ना, तो आपल्याकडे मिळतो का?" मिळतो. मोठ्या शहरांतल्या हार्डवेअरच्या दुकानांत, मॉलच्या आणि सिनेमागृहांच्या मागच्या दारांसाठी तो ठेवलेला असतो. जाळीच्या फाटकाला तो बसत नाही. त्यासाठी फाटक काढून पुरतं दार बसवावं लागतं. बाईंनी माप घ्यायला सुताराला बोलावलंय.