सांध्यांचं दुखणं डोळ्यात उतरतं तेव्हा

हडपसरच्या गाडीतळावरून सोलापूर रस्त्यानं शंभरेक किलोमीटर गेलं, की भिगवण लागतं. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये या गावात घरोघरी पाहणी केली. ४,०९२ प्रौढांपैकी १८ टक्क्यांना सांध्यांची, स्नायूंची दुखणी होती. आमवात निघाला साधारण दोनशेंत एकाला. हा आमवात बोटं वाकडी करतो, हे आपण घरोघरी पाहतो. पण क्वचित तो डोळ्याचं बुबुळही पोखरतो. हे वैद्यकाला कसं उमगलं, ते आज सांगतो.

१९३३ मध्ये हेन्रिक श्योग्रेन या स्वीडिश नेत्रवैद्यानं प्रबंध लिहिला. डोळे कोरडे पडलेल्या १९ बायका त्यानं तपासल्या होत्या. त्यांतल्या १३ जणींचे सांधे दुखत होते. डोळा आणि सांधा यांचं नातं त्यानं मांडलं, पण परीक्षकांना प्रबंध पुरेसा वाटला नाही आणि त्याची अध्यापकाची वाट अडली. आज तो आजार त्याच्याच नावानं ओळखला जातो.

बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, कॉर्नियाला, मध्यभागी रक्तवाहिन्या नसतात. म्हणून तर १९०५ मध्ये एदुआर्द झिर्म यांनी दुसऱ्याचा कॉर्निया बसवला आणि तो टिकला. नेत्रदानाची सगळी चळवळ त्यावर उभी आहे. पण कडेला रक्तवाहिन्या असतात. आमवातात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःवरच उलटते, कडेशी दाह होतो आणि पडदा विरघळू लागतो. अशा डोळ्यात नवा कॉर्निया बसवला, तरी मूळ रोग आवरला नाही तर तोही विरघळतो.

१९४८ मध्ये फिलिप हेंच यांनी अमेरिकेत आमवाताच्या एका रुग्णाला कॉर्टिझोन दिलं. काही दिवसांत ती बाई हिंडू-फिरू लागली. १९५० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पुढे या औषधाची दुसरी बाजू दिसली. त्याच जातीचे थेंब डोळ्यात घातले, तर मोतीबिंदू होऊ शकतो, दाब वाढतो आणि झिजलेला पडदा आणखी पातळ होऊ शकतो.

खरा धडा मिळाला १९८४ मध्ये. बोस्टनच्या डॉक्टरांनी डोळ्याला असा गंभीर दाह झालेले आमवाताचे ३४ रुग्ण अभ्यासले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे दहा वर्षांत दगावले; प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी औषधं घेतलेले बहुतेक वाचले. म्हणजे बुबुळाची जखम ही साऱ्या देहाची धोक्याची घंटा होती.

आमच्या लहानपणी बुबुळावर पांढरा डाग दिसला, की ‘फूल पडलं’ म्हणून विषय संपायचा. आज हडपसरलाच, महंमदवाडीत, एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालय आहे. आमवात असेल आणि डोळा लाल होऊन दुखत असेल, उजेड सोसत नसेल, तर दुकानातून थेंब आणू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि सांध्यांचं दुखणं त्यांना आधी सांगा. श्योग्रेननं जोडलेला धागा आपण तोडायला नको.