डबे, दूतावास आणि सूत्र

३५ मिलिमीटरची फिल्म प्रोजेक्टरमधून मिनिटाला ९० फूट धावते. दोन तासांचा चित्रपट म्हणजे १०,८०० फूट. वीस-वीस मिनिटांची सहा रिळे आणि ती ठेवायचे पत्र्याचे जड डबे. विद्यार्थ्यांनी चालवलेल्या आंतरराष्ट्रीय चित्रपटमहोत्सवाचा विचार करताना या डब्यांपासून सुरुवात करणे भाग आहे. महोत्सवाचे सूत्र काय असावे, हे आपल्याकडे पुष्कळ काळ रसिकांपेक्षा डब्यांनीच ठरवले.

एरवी महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना उत्सव उभारण्याची सवय नाही, असे कोण म्हणेल? महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ मध्ये पुण्यात पुरुषोत्तम करंडक सुरू केला आणि महाविद्यालयीन मुलामुलींनी बसवलेल्या एकांकिकांवर आपली रंगभूमी कितीतरी वर्षे पोसली गेली. रत्नागिरीतही सावरकर नाट्यगृहातल्या स्पर्धांना गर्दी करणारा प्रेक्षक आहेच. पण एकांकिकेला लागते ती संहिता, तालमीला एक वर्गखोली आणि चार उसने दिवे. परदेशी चित्रपटाला लागत होते आयात परवाने, परकीय चलन, कस्टम्सची सही आणि सेन्सॉरची सूट. ही यादी विद्यार्थ्याच्या आवाक्यातली नव्हती, सरकारच्या होती.

म्हणून पहिला महोत्सव सरकारने केला. २४ जानेवारी १९५२ रोजी मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने भरवलेल्या भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात २३ देशांचे चित्रपट आले. डी सिकांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ आणि कुरोसावांचा ‘राशोमोन’ इथल्या लोकांनी तेव्हा पाहिले. भारतीय चित्रपटांत व्ही. शांताराम यांचा मराठी ‘अमर भूपाळी’ होता. मग हा महोत्सव दिल्ली, मद्रास, कलकत्ता असा फिरला. सिनेमॅटोग्राफ कायदाही त्याच १९५२ सालचा. जगाचा सिनेमा दाखवणारा हात आणि परवानगी देणारा हात एकाच वर्षी, एकाच सरकारचे असावेत, हे मला निव्वळ योगायोगापेक्षा अधिक बोलके वाटते.

पुढे फिल्म सोसायट्या आल्या. १३ डिसेंबर १९५९ रोजी त्यांचा महासंघ स्थापन झाला. अध्यक्ष सत्यजित राय. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ चे. या मंडळांकडे पैसा नव्हता, पण मुंबई-दिल्लीत दूतावास आणि वकिलाती होत्या आणि त्यांच्याकडे आपापल्या देशांचे चित्रपट. तेव्हा महोत्सव भरत ते चेक चित्रपटांचे, पोलिश, हंगेरियन, फ्रेंच चित्रपटांचे. सूत्र म्हणजे देश. हे सूत्र कोणी विचारपूर्वक निवडलेले नव्हते. डबे ज्या कपाटातून येत, त्या कपाटाचे ते नाव होते. त्या सप्ताहांनी एक पिढी घडवली हे खरेच, पण एखाद्या देशाच्या वकिलातीला जे दाखवायचे नाही, ते त्या सप्ताहात दिसणार कसे?

दुसरे कपाट पुण्यात उघडले. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. पी. के. नायर यांनी वेड्यासारखी रिळे जमवली आणि १६ मिलिमीटरच्या प्रती गावोगावच्या सोसायट्यांना व शिक्षणसंस्थांना देण्याची सोय झाली. दोन तासांचा चित्रपट आता सुमारे ४,३०० फुटांत, तीन रिळांत मावू लागला. तीन डबे एक मुलगा एसटीत मांडीवर घेऊन नेऊ शकतो. इथे सूत्र बदलले: देशाच्या जागी दिग्दर्शक किंवा कालखंड आला. प्रा. सतीश बहादूर यांच्या रसास्वाद वर्गांनी त्याला शिस्त दिली. तरी विद्यार्थी या साऱ्यात शिकणारा होता. फार तर दारात पास तपासणारा. निवडणारा नव्हता.

विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या महोत्सवाचे उदाहरण हवे तर जर्मनीत पॉट्सडाम-बाबेल्सबर्गला जावे लागते. आपली पुण्याची संस्था जशी प्रभातच्या आवारात, तशी तिथली चित्रपटशाळा जुन्या स्टुडिओनगरीत. तिथल्या ‘झेझ्युख्टे’ या महोत्सवाचे मूळ १९७२ च्या पूर्व जर्मनीतील विद्यार्थी-चित्रपटदिनांत आहे. नावावर कोटी आहे: ओढ आणि पाहण्याचे व्यसन, दोन्ही. मात्र ते पहिले चित्रपटदिन सत्ताधारी पक्षाच्या युवक संघटनेच्या छत्राखालचे. विद्यार्थी असले म्हणजे सूत्र त्यांचे असतेच, असे नाही. ते त्यांच्या हाती आले भिंत पडल्यानंतर.

आपल्याकडची भिंत पडली २००४ मध्ये, प्रभादेवीला. फिल्म्स डिव्हिजनच्याच माहितीपट महोत्सवाने भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली. परदेशी चित्रपटांना ती नव्हती. निषेधानंतर अट मागे घेतली गेली, पण बोचरे चित्रपट निवडीत गळाले. मग त्यांच्या कर्त्यांनी भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ नावाने समांतर महोत्सव भरवला. तो विद्यार्थ्यांचा नव्हता, पण महोत्सवाला कपाट लागत नाही, हे त्याने दाखवून दिले. चित्रपट हाती होते, प्रोजेक्टर भाड्याने मिळत होता, आणि सूत्र होते एक प्रश्न: काय पाहायचे हे कोण ठरवणार? ते चित्रपट पुढे शहराशहरांतून फिरले.

आज डबे नाहीत. उरली आहेत हक्कांची पत्रे, मंत्रालयाची सूट आणि उपशीर्षके. यांतले शेवटचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. महोत्सव जगाचा आणि खालच्या ओळी इंग्रजी, हे पुण्यामुंबईत खपते. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावरून येणाऱ्या विद्यार्थ्याला त्या ओळी मराठीत मिळाल्या, तर विस्कोंतीच्या ‘ला तेरा त्रेमा’तले सिसिलीचे कोळी आणि त्यांना नाडणारे मासळीचे व्यापारी त्याला कोणी समजावून सांगावे लागणार नाहीत. रोझींच्या ‘फायर ॲट सी’मध्ये लांपेदुझा बेटावरचे मच्छीमार आहेत आणि त्याच पाण्यात बुडणारे निर्वासित आहेत. मिडी झी या म्यानमारमध्ये जन्मलेल्या दिग्दर्शकाच्या ‘द रोड टू मंडाले’त पोटासाठी थायलंडला गेलेली ब्रह्मी मुले आहेत.

आणि मंडालेहून पदच्युत होऊन आलेला राजा थिबा १८८६ पासून याच गावात राहिला. त्याच्यासाठी १९१० मध्ये राजवाडा बांधला गेला. १९१६ मध्ये तो इथेच वारला. राजवाड्याच्या गच्चीवरून खाडी दिसते.