पाव कुणाच्या हातचा?

मलकापुरात पाव घेताना आज कुणी विचारत नाही, कणीक कुणी मळली. पण हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे.

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला. त्यांना पाव हवा होता, पण कणीक फुगवणार कशानं? तिथल्या पोदेरांनी माडाची ताडी घातली. ताडीतले बारीक जीव पिठातली साखर खाऊन वायू सोडतात, म्हणून कणीक वर येते. आपल्या आंबोळीचं पीठही असंच फुगतं.

तरी पाव बाटवणारा ठरला. विहिरीत पाव टाकला आणि गाव बाटलं, अशा गोष्टी कोकणात सांगत. पुण्यात 1890 साली पंच हौद मिशनमधल्या चहा-बिस्किटांवरून वाद पेटला. न्यायमूर्ती रानड्यांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं.

आपल्या कोल्हापुरात मात्र शाहू महाराज गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन चहा घेत. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा राजा चारचौघांत पितो, हे गावानं पाहिलं. आज त्याच शहरात मिसळ ब्रेडशिवाय पुरी होत नाही.

पावाच्याच कणकेच्या बोटभर जाड कांड्या वळा, पुन्हा फुगू द्या, भाजून लगेच लोणी लावा आणि फडक्यात झाका. मऊ राहतात. गटाच्या बैठकीत त्या वाटा. मात्र मळायला सगळ्या घरांतल्या बायका बसू देत. कुणाच्या हातचं कुणाला चालत नाही, ते तिथंच कळेल.