संकासुराच्या तोंडचे वेद

साल 1930, मार्गशीर्ष महिना. वेंगुर्ल्याचा बाजार मागे टाकून तुम्ही माडांच्या आगरांतून चालला आहात. हातात पेटती चूड, आणि पुढे डोक्यावर पेटारा घेतलेला एक माणूस. त्या पेटाऱ्यात दशावतारी मंडळींचा सगळा संसार आहे: गणपतीचा मुखवटा, किरीट, लुगडी, तलवारी. आज या गावची जत्रा, उद्या पुढच्या गावची. हा मुलूख अजून रत्नागिरी जिल्ह्यात मोडतो. सिंधुदुर्ग जिल्हा व्हायला 51 वर्षं आहेत. शिरोड्याला वि. स. खांडेकर नावाचे मास्तर शाळेत शिकवतात. बागलांच्या राईत मार्चमध्ये जन्मलेला चिंतामण खानोलकर अजून रांगतो आहे. आणि मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर जो सत्याग्रह झाला, त्याच्या गोष्टी घराघरांत चालू आहेत.

देवळात पोचता तेव्हा पालखीची प्रदक्षिणा संपत आलेली असते. एक जाणता गावकर पुढे होऊन गाऱ्हाणं घालतो. बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या देवाला तो एकेरीत हाक मारतो, गावावरचं संकट सांगतो, चुकलंमाकलं पदरात घ्यायला सांगतो. प्रत्येक वाक्याच्या शेवटी सगळी गर्दी एका दमात म्हणते, "व्हय म्हाराजा!" तुमच्याही तोंडून ते निघून जातं. ही चाल कानात राहू द्या, पुढे तिची गरज लागेल.

"बसा हो, जागा आसा," म्हणत शेजारची म्हातारी तुम्हाला घोंगडीवर ओढून घेते आणि हातावर खाजं ठेवते. समोर पडदा नाही, रंगमंच नाही. देवळापुढची मोकळी जागा, एक लाकडी बाकडं, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. मध्यरात्र उलटून गेली आहे.

आधी आडदशावतार होतो. गणपती येतो, सोबत रिद्धी-सिद्धी. मग पूजेला भटजी येतो आणि पळी-पंचपात्र मांडून मंत्र सुरू करतो. स्वर अस्सल, आघात जिथल्या तिथे, श्वासही बरोबर जागी. आणि त्या स्वरांत शब्द येतात ते असे काहीसे: "बांगडस्य, सुंगटस्य, पेडवेनाम् कालवणम्..." पहिल्या दोन शब्दांना लोक गप्प असतात. तिसऱ्याला मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसतं आणि मग देऊळ दणाणून जातं. हा माणूस आयुष्यभर खरी पूजा ऐकत आला आहे, तिची लय त्याच्या कानात पक्की आहे; म्हणून शब्द बदलला तरी मंत्र मोडत नाही. ज्याला खरा मंत्र येत नाही त्याला हा खोटा मंत्र म्हणता येणार नाही, आणि ज्याने खरा ऐकला नाही त्याला त्यावर हसताही येणार नाही. गाभाऱ्यातला देव पंधरा पावलांवर आहे आणि दार उघडं आहे. ते बंद करावं असं कुणाला वाटलेलं नाही.

शारदा येऊन जाते, ब्रह्मदेव येतो. आणि मग अंगभर काळा, तोंडावर काळा मुखवटा, असा संकासूर गर्दीतूनच उडी घेतो. पोरं आयांच्या पदरात शिरतात. याने ब्रह्मदेवाचे वेद चोरले आहेत. मत्स्यावताराची ही कथा सगळ्या भारताला ठाऊक आहे, पण इथला चोर मालवणी बोलतो. सूत्रधार त्याला विचारतो, वेद कशाला नेलेस? संकासूर बाकड्यावर फतकल मारून सांगतो, "खावक येतत काय बगूया म्हटलंय. चार वेद चोरलंय, पण घरात मीठ नाय. आता मीठ खयसून चोरू? तां सरकारान आदीच चोरल्यान!"

या एका वाक्यावर किती वेळ हशा चालतो ते बघा. शिरोड्याला लाठी खाल्लेला कुणीतरी याच गर्दीत असेल. हे वाक्य कुठेही लिहिलेलं नाही, कालच्या गावात ते वेगळं होतं. दशावताराला संहिता नसते. संध्याकाळी रंगायला बसताना मंडळीचा नाईक कथानक सांगतो, भूमिका वाटतो, आणि बाकीचं ज्याचं त्याने बोलायचं. शेवटी विष्णू येतो, युद्ध होतं, संकासूर पडतो आणि वेद परत मिळतात. दरवर्षी मिळतात, तरी दरवर्षी त्यांची चोरी व्हायला हवी असते.

मग उत्तररात्री आख्यान. पुढ्यात बसलेले राजे आणि राक्षस जी भाषा बोलतात ती पहाटेपर्यंत ऐका: "हे नराधमा, या खड्गाची तृषा तुझ्या रुधिराने शमवीन!" बोलणारा दिवसा शेतावर राबतो, मळणी काढतो, आणि रात्री तोंडातून समास असे सोडतो की पंडिताने मान डोलवावी. काही आख्यानं पुराणांत सापडतात, काही कुठल्याच पुराणात सापडणार नाहीत. एखादा शाप, एखादा वर, एक नारद आणि ही भाषा एवढ्यावर मंडळी नवं पुराण उभं करतात. ते खोटं आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता आणखी 314 वर्षं मागे जा, वेंगुर्ल्याच्या दक्षिणेला, गोव्यात राशोलला. साल 1616. छापखान्यातून रोमन लिपीतलं एक मराठी पुस्तक बाहेर पडतं आहे. इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी बायबलची कथा ओव्यांत सांगितली आहे. ते हे ख्रिस्तपुराण. साष्टीतल्या नव्या ख्रिस्त्यांची जुनी पुराणं गेली, आता आम्हाला आमचं पुराण द्या, अशी त्यांची मागणी ग्रंथातच येते. स्टीफन्स स्वर्गाला वैकुंठ म्हणतात. एका धर्माची चाल दुसऱ्याच्या कथेला लावता येते, हे त्यांनी अत्यंत गांभीर्याने करून दाखवलं. भटजी जे हसण्यासाठी करतो, ते पाद्री पूजेसाठी करतो. दोघांचा कान मात्र एकाच जातीचा.

इंग्रजांच्या देशातही हा कान आहे. 1975 च्या 'मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल' चित्रपटात एक मठवासी हातबॉम्ब टाकण्याची कृती चक्क बायबलच्या वचनांसारखी वाचून दाखवतो. याच मंडळींच्या 1979 च्या 'लाइफ ऑफ ब्रायन'वर मात्र नॉर्वे आणि आयर्लंडमध्ये बंदी आली.

त्यानंतरच्याच वर्षी, 1980 मध्ये, तुम्ही मुंबईतल्या नाट्यगृहात बसला आहात. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' चालू आहे. कोकणातल्या गावकऱ्यांनी महाभारत बसवायला घेतलं आहे. पौराणिक भाषेचा फुगा भरत येतो आणि ऐन वेळी मालवणी टाचणी लागते. तात्या सरपंच झालेले मच्छिंद्र कांबळी नुसते उभे राहिले तरी हशा पिकतो. शेजारी बसलेला गिरणी कामगार डोळे पुसतो आहे. तो वेंगुर्ल्याचा आहे. नाटक हजारो प्रयोगांपर्यंत जाणार हे अजून कुणालाच माहीत नाही. पुढे लग्नात, गणपतीत, क्रिकेटच्या सामन्यात लोक स्वतःची गाऱ्हाणी रचतील: "देवा म्हाराजा, समोरच्या टीमची इकेट पाडून दी रे म्हाराजा!" आणि मैदान म्हणेल, "व्हय म्हाराजा!"

आजच्या जत्रेत या. मंडळींच्या तारखा मोबाइलवर फिरतात, ध्वनिक्षेपक आहेत, धुरातून प्रकटणारे देव आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला टोचतं ते एकच: अनेक ठिकाणी आडदशावतार घाईत उरकला जातो, कारण प्रेक्षक थेट आख्यानाला येतात. भटजीला चार ओळी मिळतात आणि संकासुराला जेमतेम उडी मारायला वेळ. सूत्रधाराने त्याला अर्धा तास द्यावा. वेद चोरल्यावर या वर्षी तो काय बोलतो, ते ऐकायला गावाने लवकर येऊन बसावं.