मलाक्का : दोन वाऱ्यांचे बंदर

पिनांगहून सिंगापूरकडे जाणारे आमचे सहलीचे जहाज मलाक्क्याला थांबले, ते धक्क्याला लागलेच नाही. किनाऱ्यापासून बरेच दूर, खोल पाण्यात नांगर टाकून ते उभे राहिले आणि आम्हा उतारूंना लहान होड्यांतून गावात पोचवण्यात आले. सायंकाळी पाचच्या आत परत या, अशी ताकीद मिळाली होती. एका जगप्रसिद्ध सामुद्रधुनीला जिचे नाव मिळाले, त्या नगरीची नदी आता एवढी उथळ आहे की तिच्या मुखाशी फेऱ्या मारणाऱ्या नावांपलीकडे फारसे काही दिसत नाही. गाळ साचला, समुद्र मागे हटला, माणसांनीही भर घालून तो मागे हटवला. ज्या किल्ल्याच्या पायाशी एके काळी लाटा आपटत होत्या, त्याच्यापुढे आज रस्ते आणि दुकाने पसरली आहेत.

श्रोतेहो, मलाक्का हे नाव आपल्याला परके वाटते, पण ते तसे नाही. पालेमबांगचा परागंदा राजपुत्र परमेश्वर हा सन 1400 च्या सुमारास या नदीकाठी आला. शिकारीत त्याच्या कुत्र्याला एका चिमुकल्या हरणाने लाथ मारून पाण्यात पाडले. जिथली हरणे एवढी शूर ती भूमी शुभ, असे मानून त्याने तिथेच राजधानी वसवली आणि ज्या झाडाखाली तो बसला होता त्याचे नाव तिला दिले, अशी मलायी परंपरा सांगते. ते झाड मलाकाचे, म्हणजे संस्कृतातल्या आमलकाचे. आपल्या परसातला आवळाच तो. कथा किती खरी हे सोडून द्या. राजाचे नाव परमेश्वर आणि गावाचे नाव आवळा, एवढ्यावरून वारा कोणत्या दिशेने वाहत होता ते कळते.

वाऱ्याचा उल्लेख मी अलंकार म्हणून केलेला नाही. या गावाचे सारे वैभव वाऱ्यांचे होते. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरची गलबते नैर्ऋत्येच्या मोसमी वाऱ्यांवर इकडे येत, आणि परतीसाठी त्यांना ईशान्येचे वारे सुटेपर्यंत थांबावे लागे. चीनची जहाजे याच्या उलट, ईशान्येच्या वाऱ्यावर येत आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर घरी जात. एकाच हंगामात आरपार जाणे कोणालाच सोयीचे नव्हते. मधोमध, सुमात्रा बेटाच्या आडोशाला, जिथे दोन्ही वारे येऊन भेटतात तिथे हे गाव होते. तेव्हा लोक इथे थांबत. दिवस नव्हे, महिनेच्या महिने. थांबलेल्या माणसाला घर लागते, मालाला वखार लागते, पैशाला सराफ लागतो, देवाला देऊळ नाही तर मशीद लागते. मलाक्का हे असे थांबण्यातून वाढलेले शहर होते. सहा-सात तासांत ते पाहून परतणाऱ्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट मुद्दाम आठवावी लागते.

सुलतानांचे कौशल्य एवढेच की त्यांनी या थांबलेल्या माणसांना सुखाने राहू दिले. बंदरावर चार शाहबंदर नेमलेले असत. गुजरात्यांचा एक, कलिंग-बंगाल-पेगूकडच्यांचा दुसरा, जावा आणि मसाल्याच्या बेटांकडच्यांचा तिसरा, चिन्यांचा चौथा. आलेल्या नाखव्याला आपल्याच बाजूचा माणूस भेटे. तोच त्याला वखार देई, दरबारात नेई आणि त्याचे तंटे सोडवी. पश्चिमेकडून आलेल्या मालावर शेकडा 6 जकात असे. पूर्वेकडच्यांकडून जकात न घेता नजराणे घेत. समुद्रावरचे कायदेही लिहिलेले होते. जहाजावर नाखवा हाच राजा, असे ते कायदे मानीत.

सन 1512 मध्ये तोमे पिरेस नावाचा एक पोर्तुगीज औषधविक्या या गावात हिशेबनीस म्हणून आला. त्याने आपल्या ग्रंथात इथे येणाऱ्या व्यापाऱ्यांची लांबलचक यादी दिली आहे. या बंदरात 84 भाषा बोलल्या जात, असेही तो म्हणतो. कैरो, एडन, होर्मुझ यांच्या मागोमाग गुजरात्यांचे नाव येते आणि त्यांना लागूनच चौल, दाभोळ, गोवे आणि दक्खनच्या राज्यातली माणसे येतात. मी ती यादी पूर्वी वाचली होती. मलाक्क्याच्या नदीकाठी उभे राहून ती आठवताना मात्र मनात दुसराच एक हिशेब सुरू झाला. दाभोळ अल्मेदाने जाळले ते 1508 च्या डिसेंबरात. गोवे पडले 1510 मध्ये. मलाक्का पडले 1511 मध्ये. म्हणजे तीन वर्षांच्या आत, आमच्या कोकणच्या व्यापाऱ्याचे निघण्याचे बंदरही गेले आणि पोचण्याचेही.

मलाक्क्याची ती लढाई एका पुलासाठी झाली. नदीने शहराचे दोन भाग केले होते आणि मधल्या पुलावरच बाजार भरे. आल्बुकेर्कने 1511 च्या 25 जुलैला पहिला हल्ला केला, पण पूल हाती टिकला नाही. मग त्याने एक उंच चिनी जहाज पुलाला नेऊन भिडवण्याचे ठरवले. मात्र ते रेतीत रुतले, आणि भरतीचे पाणी चढेपर्यंत या उतावळ्या सेनापतीलाही मलाक्क्याच्या रिवाजाप्रमाणे थांबावे लागले! ऑगस्टात शहर पडले. सुलतान महमूद पळाला. त्याच्याविषयी फार हळहळण्याचे कारण नाही. वर्षभरापूर्वीच त्याने चहाडीवर विश्वास ठेवून आपल्या कर्त्या प्रधानाचा, म्हणजे बेंदाहाराचा, वध करविला होता. घर आतून पोखरलेले होते. लुटीने भरलेले आल्बुकेर्कचे जहाज मात्र परतीच्या वाटेवर सुमात्र्याच्या किनाऱ्याजवळ बुडाले.

या धामधुमीत एका माणसाची कहाणी मला सर्वांत अधिक बोचते. नैना चेट्टी हा चोलमंडलाकडचा हिंदू व्यापारी. पोर्तुगीज त्याला निना चातू म्हणत. शहर पडण्यापूर्वी सुलतानाच्या कैदेत असलेल्या पोर्तुगिजांना त्याने गुप्तपणे मदत केली होती. त्याबद्दल आल्बुकेर्कने त्याला बेंदाहाराचे पद दिले. नव्या धन्याकडे व्यापार पूर्वीसारखाच चालेल, किंबहुना गुजरात्यांची चढाओढ संपून आपलाच वरचष्मा होईल, असा त्याचा हिशेब असावा. पण 1514 मध्ये ते पद काढून कांपारच्या मलायी राजाला देण्यात आले. तेव्हा या वृद्ध सावकाराने चंदन आणि अगरू यांची चिता रचविली, भरजरी वस्त्रे नेसून तो लोकांसमोर आला, आपण केलेल्या उपकारांची त्याने आठवण दिली आणि अग्नीत उडी घेतली, असे पोर्तुगीज बखरकारांनीच लिहून ठेवले आहे. त्याला कोणी देशद्रोही म्हणेल. मला तसे म्हणवत नाही. ज्या शहरात त्याचा जन्म गेला तिथे प्रत्येक जण परकाच होता. त्याची चूक एवढीच की तोफा घेऊन आलेल्या गिऱ्हाइकालाही त्याने गिऱ्हाईकच समजले.

टेकडीवर पोर्तुगिजांनी किल्ला बांधला. त्यासाठी मशिदींचे आणि राजांच्या कबरींचे दगड वापरले, असे सांगतात. वर सेंट पॉलच्या चर्चचे अवशेष आहेत. फ्रान्सिस झेवियरचा देह 1553 मध्ये काही महिने इथेच पुरलेला होता आणि तिथूनच तो गोव्याला नेला. ती रिकामी जागा आजही दाखवतात. किल्ला भक्कम होता, परंतु त्याच्या आत डांबता येईल असा व्यापार नव्हता. मुसलमान व्यापाऱ्यांनी आपली गलबते अचिन, जोहोर, बांताम यांच्याकडे वळवली. मलाक्क्याला मात्र वेढ्यामागून वेढे सोसावे लागले. 1641 मध्ये डचांनी ते घेतले. पण त्यांचा जीव बटाव्हियात होता. चौकातली त्यांची लाल इमारत सारे प्रवासी टिपून घेतात. तो लाल रंग डचांचा नव्हे, पुढे इंग्रजी अमदानीत आला.

इंग्रजांनी तर 1807 मध्ये किल्लाच सुरुंगांनी उडवायला काढला. उद्या दुसऱ्या कोणाच्या हाती पडला तर आपल्या पिनांगला त्रास नको म्हणून. रॅफल्सने पुढच्या वर्षी रदबदली केली तेव्हा एक दरवाजा तेवढा वाचला. याच गावात 1796 मध्ये जन्मलेल्या मुन्शी अब्दुल्लाने लहानपणी पाहिलेला तो विध्वंस आपल्या आत्मवृत्तात वर्णिला आहे. 1819 मध्ये सिंगापूर वसले आणि मलाक्क्याच्या वाट्याला निवांतपणा आला. त्या निवांतपणामुळेच जुन्या गल्ल्या वाचल्या, असे मला वाटते.

त्या गल्ल्यांपैकी एकीत 1781 साली बांधलेले विनायकाचे देऊळ आहे. चार पावलांवर कलिंगांची मशीद, आणि थोडे पुढे चिन्यांचे जुने मंदिर. देऊळ चिट्टी लोकांचे. हे त्या जुन्या तामीळ व्यापाऱ्यांचे आणि मलायी स्त्रियांचे वंशज. यांची मातृभाषा आता मलायी आहे, पोशाख मलायी आहे, आणि देव मात्र शिव, विनायक आणि मारिअम्मा.

चौल-दाभोळकरांची खूण मी पुष्कळ शोधली. एकही पेठ, एकही देऊळ मला त्यांच्या नावाचे आढळले नाही. शहराच्या टोकाला समुद्रकाठी एक कोळीवाडा आहे. तिथे क्रिस्तांग नावाची पोर्तुगीज वळणाची मिश्र बोली बोलणारी ख्रिस्ती कुटुंबे राहतात. त्यांचे बोलणे कानावर पडताच मला रेवदंड्याची खाडी आठवली. चौलसमोर, खाडीपलीकडे कोर्लई गाव आहे. 1740 मध्ये पोर्तुगीज तिथून गेले आणि चौल मराठ्यांकडे आले. तरी कोर्लईच्या ख्रिस्ती घरांतून तशीच एक मिश्र बोली आजवर बोलली जाते. बाहेर ती माणसे मराठी बोलतात, मलाक्क्याची मलायी बोलतात. चौल आणि मलाक्का यांच्यामध्ये गलबतांची वाट होती तेव्हा या दोन्ही बोली नव्हत्या. वाट मोडली आणि त्या जन्मल्या.