जुन्या गाडीच्या टायरचे वय कसे ओळखावे?

आपल्या मंठ्यात शोरूममधून नवी गाडी घेणारे थोडे, जुनी घेणारे जास्त. गाडी बघायला चौघे जण जातात. एक बॉनेट उघडतो, दुसरा एसी लावून बघतो, तिसरा आरसी आणि इन्शुरन्सचे कागद चाळतो आणि चौथा टायरला एक लाथ मारून "टायर चांगले आहेत" असे सर्टिफिकेट देतो. लाथ मारून टायरमध्ये हवा आहे एवढेच कळते. टायर किती वर्षांचा आहे ते लाथेने कळत नाही आणि नक्षी बघूनही कळत नाही. ते टायरवर लिहिलेले असते, फक्त वाचता आले पाहिजे. ते कसे वाचायचे, हे या लेखात सांगत आहोत.

आमच्या घरची गोष्ट

आमच्याकडे २०१२ ची वॅगनआर आहे. ती आम्ही २०२३ मध्ये घेतली. चारही टायर बरे दिसत होते आणि डिकीतली स्टेपनी तर कोरी करकरीत. नक्षी पूर्ण, रबरावर मातीचा डाग नाही. विकणारा म्हणाला, "स्टेपनी एकदाही लावलेली नाही." तो खोटे बोलत नव्हता. आम्हीही खूश झालो.

मे २०२४ मध्ये हजला निघालेल्या नातेवाईकांना जालन्याच्या रेल्वे स्टेशनवर सोडायला निघालो. दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होते. वाटूर फाट्याच्या अलीकडे पुढचा टायर पंक्चर झाला. स्टेपनी लावली आणि पुढे निघालो. थोड्याच अंतरावर स्टेअरिंग थरथरायला लागले. उतरून बघतो तर त्या कोऱ्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला होता. गाडीत बायका-मुले होती. वेग कमी होता म्हणून अल्लाहच्या कृपेने निभावले.

पंक्चरवाल्या चाचांनी चाक काढले, ओल्या फडक्याने बाजू पुसली आणि चार आकड्यांवर बोट ठेवले. आकडे होते ४११२. म्हणाले, "सर, ये टायर तुमारे बच्चे से बी बड़ा है." मागच्या सीटवर बसलेला आमचा मुलगा नऊ वर्षांचा होता आणि टायर साडेअकरा वर्षांचा. इतकी वर्षे मुलांना गणित शिकवतो, पण हे चार आकडे आम्हाला वाचता आले नव्हते.

आकडा कुठे शोधायचा?

टायरच्या बाजूच्या भिंतीवर बरेच काही कोरलेले असते. कंपनीचे नाव, मॉडेल, आयएसआयचा शिक्का आणि साइज. ऑल्टोसारख्या लहान गाडीवर साइज '१४५/८० आर १२' असा दिसतो. यातला कोणताही आकडा तारखेचा नाही. १४५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते आणि १२ हा रिमचा इंचातला व्यास.

तारखेचा आकडा वेगळा असतो. अनेक टायरवर इंग्रजी 'डी-ओ-टी' या अक्षरांनी सुरू होणारी अक्षरे-आकड्यांची एक ओळ असते. हा मुळात अमेरिकेच्या परिवहन खात्याचा शिक्का, पण भारतात बनलेल्या बऱ्याच टायरवरही दिसतो. या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, बहुतेक वेळा एका लहानशा लंबगोल चौकटीत. हीच टायरची जन्मतारीख.

पुष्कळदा पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असते. ती बाजू आत, म्हणजे गाडीच्या पोटाकडे गेली असेल तर बाहेरून चार आकडे सापडत नाहीत. अशा वेळी पुढच्या चाकांसाठी स्टेअरिंग पूर्ण वळवा आणि मोबाइलचा टॉर्च मारून आतली बाजू बघा. मागच्या चाकांसाठी सर्व्हिसिंगच्या रॅम्पवर गाडी चढवणे सोपे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नका.

आकडा कसा वाचायचा?

पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. आमच्या स्टेपनीवर ४११२ होते, म्हणजे २०१२ सालचा ४१वा आठवडा. ०७२४ असेल तर २०२४ चा सातवा आठवडा, म्हणजे फेब्रुवारी.

आठवड्यावरून महिना काढायला चार खुणा लक्षात ठेवा. १३वा आठवडा म्हणजे मार्चअखेर, २६वा जूनअखेर, ३९वा सप्टेंबरअखेर आणि ५२वा डिसेंबरअखेर. ४१ हा ३९ च्या थोडा पुढे, म्हणून आमचा टायर ऑक्टोबरचा.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, लोक आठवड्याला महिना समजतात. १०११ म्हणजे ऑक्टोबर २०११ नव्हे, तर २०११ चा दहावा आठवडा, म्हणजे मार्च. दुसरी चूक, भलताच आकडा तारीख म्हणून वाचणे. याची परीक्षा सोपी आहे. वर्षात ५३ पेक्षा जास्त आठवडे नसतात. पहिले दोन आकडे ५३ च्या वर असतील तर तो तारखेचा आकडा नाही, पुढे शोधा.

चारऐवजी तीनच आकडे दिसले तर?

चार आकड्यांची पद्धत २००० सालापासूनची. त्याआधी तीनच आकडे असत, दोन आठवड्याचे आणि एक वर्षाचे. २३८ असेल तर २३वा आठवडा कळतो, पण साल १९८८ की १९९८ ते कळत नाही. काही कंपन्या नव्वदच्या दशकातल्या टायरवर या आकड्यांपुढे एक छोटा त्रिकोण काढत. कुणाच्या वाड्यात जुनी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसेडर उभी असेल तर असा टायर सापडू शकतो. त्यावर डोके खाजवत बसू नका. साल कोणतेही निघो, तो टायर २५ वर्षांच्या पुढचा आहे. त्यावर गाडी रस्त्यावर काढू नये.

आरसीशी ताळा करा

आरसीवर गाडी बनल्याचा महिना आणि साल असते. कंपनीतून आलेले मूळ टायर साधारणपणे त्याच्या काही आठवडे किंवा महिने आधीचे असतात. त्यामुळे टायरची तारीख आरसीच्या जवळची निघाली तर टायर कधीच बदललेले नाहीत. आमची गाडी डिसेंबर २०१२ ची आणि स्टेपनी ऑक्टोबर २०१२ ची. ती गाडीबरोबरच आली होती आणि अकरा वर्षे डिकीत भाजत पडली होती.

या ताळ्याचा आणखी एक फायदा आहे. समजा मीटरवर २५ हजार किलोमीटर दिसतात, पण चारही टायर गाडीपेक्षा पाच वर्षांनी नवे आहेत. लहान गाडीचे टायर नीट वापरले तर सहसा यापेक्षा बरेच जास्त चालतात. मग ते एवढ्या लवकर का बदलावे लागले? कारण साधेही असू शकते, पण मीटर मागे फिरवलेला असण्याचीही शक्यता आहे. विचारायला लाजू नका.

न वापरलेला टायर म्हातारा का होतो?

रबर ही जिवंत वस्तू नाही, पण तिलाही वय असते. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन रबरावर सतत काम करत असतात. त्यामुळे रबर कडक होते आणि त्याचा ताण सोसण्याचा गुण जातो. ऊन आणि उष्णता हे काम वेगाने करतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. बंद डिकीत आणि डांबरी रस्त्यावर तर त्याहून जास्त तापते.

हे टाळण्यासाठी कंपन्या रबरात संरक्षक रसायने घालतात. चाक फिरते, टायर दबतो-सुटतो, तशी ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीत ही हालचाल थांबते. त्यामुळे "गाडी फार चाललेलीच नाही" ही टायरच्या बाबतीत कौतुकाची गोष्ट नाही. आत पोलादी तारांचे पट्टे असतात. त्यांची आणि रबराची पकड सैल झाली की फुगा येतो किंवा वरची नक्षी थरासकट सुटते. बाहेरून टायर चकचकीत दिसत असतानाही आत हे घडू शकते.

किती वर्षे चालवायचा?

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम नक्षीच्या खोलीबद्दल बोलतात. कारसाठी ती किमान १.६ मिलिमीटर हवी. टायरच्या खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. त्या नियमात वयाची अट नाही, म्हणून वयाचा हिशेब आपणच ठेवायचा.

मिशेलिन कंपनीचा सल्ला असा आहे की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि बनल्यापासून दहा वर्षे झाली की चांगला दिसला तरी बदलावा, स्टेपनीसुद्धा. अनेक गाडी कंपन्या तर सहा वर्षांनीच बदला म्हणतात. आपले ऊन आणि रस्ते बघता आम्ही सहा वर्षांचाच हिशेब धरतो.

हा हिशेब किती महत्त्वाचा आहे ते इंग्लंडच्या एका प्रकरणावरून कळते. सप्टेंबर २०१२ मध्ये सरे परगण्यात एका बसचा पुढचा टायर फुटून तिघांचा जीव गेला. तो टायर १९ वर्षांहून जुना होता, खुद्द बसपेक्षाही जुना. मृत तरुणाच्या आईने कायद्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला. शेवटी १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे बस आणि ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांपेक्षा जुने टायर लावण्यावर बंदी आली.

आपल्या शेजारची आठवण ताजी आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी दगावले. टायर फुटला असे चालकाने सांगितले होते, पण आरटीओच्या तपासात टायर फुटल्याच्या खुणा सापडल्या नाहीत. म्हणजे प्रत्येक अपघाताचा दोष टायरवर ढकलता येत नाही. पण हेही खरे की समृद्धीवर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. मंठा-लोणार रस्त्यावर पन्नासच्या वेगात निभावून जाणारा म्हातारा टायर तिथे निभावेलच असे नाही.

घेणाऱ्याने आणि विकणाऱ्यानेही

काळे पॉलिश मारलेल्या टायरवर भाळू नका. बाजूला बारीक भेगांचे जाळे, फुगा किंवा नक्षीच्या मुळाशी चिरा दिसल्या तर तारीख काहीही असो, टायर बदला. झिजलेल्या टायरला नव्या खाचा पाडून किंवा वर नवे रबर चढवून विकणारेही भेटतात. वरचे रबर नवे असले तरी आतला सांगाडा जुन्याच तारखेचा असतो. नवा टायर घेतानाही दुकानात आकडा वाचा, कारण बिलावरची तारीख ही टायरची तारीख नव्हे.

आणि आपण विकणारे असू तर? मालातला ऐब झाकून विकू नये ही आपल्या घराघरातली शिकवण आहे. ती जशी धान्याला लागू आहे तशी टायरलाही. "स्टेपनी कोरी आहे" असे सांगताना "पण अकरा वर्षांची आहे" हेही सांगावे. त्या गाडीत कुणाची तरी लेकरे बसणार असतात.

आज संध्याकाळी एक ओले फडके आणि मोबाइल घेऊन गाडीजवळ जा. पाच टायर, पाच आकडे. एका कागदावर लिहा आणि तो आरसीसोबत ठेवा. दहा मिनिटांचे काम आहे. आम्ही ते वाटूर फाट्याजवळ भर उन्हात शिकलो, तुम्ही अंगणात शिका.