लोणारच्या स्थलकथेतील दैवते, दैत्य आणि काही शब्द : ग्रीक पुराणकथांच्या शेजारी ठेवून

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर पाहण्यास आपल्या धर्मग्रामांतून दरवर्षी सहली जातात. काठावर उभे राहिले की वाटाड्या एका दमात उल्कापात, लवणासुर, विष्णू, कमळजा, सीतान्हाणी आणि रामगया अशी सर्व नावे सांगून मोकळा होतो. मुले घरी येतात तेव्हा त्यांच्या मनात या नावांचा गोंधळ झालेला असतो. शाळेच्या पुस्तकांतून झ्यूस, हर्क्युलिस, मिनोटॉर ही ग्रीक नावे त्यांना अधिक ओळखीची झालेली आहेत, ही गोष्ट आम्हांला थोडी खटकते. म्हणून लोणारच्या कथेतील मुख्य नावे व शब्द येथे देत आहोत आणि जेथे उपयोग होईल तेथे ग्रीक कथाही शेजारी ठेवीत आहोत.

आरंभीच एक खुलासा करणे आवश्यक वाटते. झ्यूस आणि अथेना यांची प्राचीन देवळे आज भग्न आहेत. त्यांच्या कथा जग साहित्य म्हणून वाचते. कमळजा आणि दैत्यसूदन यांच्यापुढे मात्र आजही दिवा लागतो. ती आपल्या शेजाऱ्यांची श्रद्धास्थाने आहेत. कथांची तुलना करताना हा फरक विसरू नये.

कथा. लोणारजवळ भूमीच्या पोटात लवणासुर नावाचा दैत्य राहत असे. त्याने परिसरातील लोकांना व देवांना त्रस्त केले. तेव्हा विष्णूने एका देखण्या तरुणाचे रूप घेतले. दैत्याच्या दोन बहिणी त्या तरुणावर भाळल्या आणि त्यांच्याकडून त्याला भावाच्या गुप्त निवासाचा ठाव लागला. त्या विवरावर एक प्रचंड झाकण होते. तरुणाने ते पायाच्या अंगठ्याने उडवले आणि आत झोपलेल्या दैत्याचा वध केला. आजचे सरोवर हे ते विवर, त्यातील पाणी हे दैत्याचे रक्त आणि पाण्यातील क्षार हे त्याचे कुजलेले मांस, असे लोकपरंपरा सांगते. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरकारांनी ही कथा नोंदवून ठेवली आहे.

लवणासुर. 'लवण' म्हणजे मीठ. त्याचेच प्राकृत वळण 'लोण', आणि त्यावरून लोणार. मीठ, चुना व कोळसा यांच्या धंद्यातील लोणारी समाजाचे नावही याच शब्दकुळातले आहे. येथे एक चूक वारंवार होते. रामायणात शत्रुघ्नाने मारलेला लवण नावाचा एक असुर आहे. तो मधूचा पुत्र आणि त्याची भूमी मथुरेकडची. लोणारचा लवणासुर वेगळा आहे. त्याला मारणारा विष्णू आणि त्याची सारी ओळख या एका खड्ड्याशी बांधलेली. नावाच्या सारखेपणावरून दोन्ही कथा एक करण्याचा मोह टाळलेला बरा.

दैत्य, दानव, असुर. बोलण्यात आपण हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. पुराणांत मात्र दितीचे पुत्र ते दैत्य आणि दनूचे पुत्र ते दानव. दोन्ही नावे आईवरून आलेली आहेत. ग्रीकांकडे गिगांतेस नावाचे महाकाय होते. त्यांची आई गाया, म्हणजे प्रत्यक्ष पृथ्वी. आकाशदेव युरेनस याच्या रक्ताचे थेंब तिच्यावर पडले आणि त्यांतून ते जन्मले, असे हेसिअड हा कवी सांगतो. पुढच्या कथांत त्यांतले काही पराभूत होऊन पुन्हा त्याच आईच्या पोटात गाडले गेले.

दैत्यसूदन. 'सूदन' म्हणजे वध करणारा. मधुसूदन या नावातही तोच शब्द आहे. विष्णूचे हे नाव धारण करणारे मंदिर लोणार गावात आहे. चालुक्य-यादव काळातील हे काळ्या पाषाणाचे मंदिर असून त्याचा आराखडा ताऱ्यासारखा अनेक कोनांचा आहे. गाभाऱ्यातील मूर्तीच्या पायांखाली पडलेला दैत्य दिसतो, तर छतावर या कथेबरोबर कंसवध व नरसिंह यांचीही शिल्पे आहेत. घाईच्या सहलीत पुष्कळ मंडळी सरोवर पाहून परततात आणि हे मंदिर राहून जाते. आमचे मत विचाराल तर आधी मंदिर पाहावे, मग सरोवर.

दोन बहिणी. कथेतील हा भाग आम्हांला सर्वांत अस्वस्थ करतो. क्रीट बेटावरील भूलभुलैयात मिनोटॉर हा अर्धा मनुष्य, अर्धा बैल असा प्राणी कोंडलेला होता. त्याला मारण्यास आलेल्या थीसिअसवर राजकन्या आरिआद्नी भाळली व तिने त्याला सुताचा गुंडा दिला. या आरिआद्नीची आणि मिनोटॉरची आई एकच होती, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. म्हणजे तीही बहीणच, आणि प्रेमापोटी तिनेही परक्याला भावाची वाट दाखवली. पुढे थीसिअसने तिला नाक्सोस बेटावर सोडून दिले. ग्रीक कवींनी तिच्या दुःखाची दखल घेतली. लवणासुराच्या बहिणींचे पुढे काय झाले याविषयी गॅझेटियरमधील कथा एक शब्दही बोलत नाही.

विवर. पाताळाची कल्पना दोन्हीकडे आहे. ग्रीकांचे तार्तार हे अधोलोकाच्याही खालचे बंदिस्थान होते. स्वर्गातून सोडलेली काशाची ऐरण नऊ दिवस नऊ रात्री पडत राहून दहाव्या दिवशी पृथ्वीवर पोहोचेल आणि तेथून तार्तारापर्यंत तितकाच काळ लागेल, असे हेसिअडने त्याचे मोजमाप दिले आहे. हा शब्द आपल्याला पूर्ण अपरिचित नाही. संत पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, पापी देवदूतांच्या शिक्षेच्या संदर्भात, मूळ ग्रीक क्रियापद तार्तार या नावावरूनच घडलेले आहे. मराठीत आपण तेथे 'नरक' वाचतो.

लोणारच्या विवराचे माप त्यामानाने फारच लहान. व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि काठापासून खोली दीडशे मीटरच्या आसपास. तरी संध्याकाळी काठावर उभे राहून खाली पाहिले तर येथे कोणाला पाताळ का आठवले हे कळण्यास वेळ लागत नाही.

झाकण. अंगठ्याने उडालेले झाकण दूर नैर्ऋत्येस ढाकेफळ गावाजवळ पडले आणि तेथील टेकडी म्हणजेच ते झाकण, असे लोक सांगत. याला ग्रीक कथांत आश्चर्यकारक जोड सापडते. देव व गिगांतेस यांच्या युद्धात पॉलिबोतेस नावाचा महाकाय समुद्रातून पळत कोस बेटापर्यंत आला. समुद्रदेव पोसायडनने त्या बेटाचा एक तुकडा तोडून त्याच्यावर फेकला आणि त्याखाली तो गाडला गेला. तो तुकडा म्हणजे निसिरोस बेट. या बेटावरही मोठे विवर आहे आणि त्यातून आजही गंधकाची वाफ निघते. (कोसचे नाव 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात संत पौलाच्या प्रवासात येते.) अथेनाने एन्केलादोसवर सिसिली बेटच टाकले. टायफॉनला एटना पर्वताखाली दाबले, असेही कवी सांगतात.

येथे थोडे थांबावेसे वाटते. एटनाखालचा महाकाय जिवंत आहे. तो कूस बदलतो तेव्हा भूमी हादरते, श्वास सोडतो तेव्हा ज्वाळा निघतात. लोणारचा दैत्य मात्र मेलेला आहे. तो कुजतो आहे. असे का? एटना हा जागृत ज्वालामुखी आहे, तर लोणारचे विवर कधी धुमसत नाही. तेथे आहे तो काठच्या चिखलाचा उग्र दर्प, खारे पाणी आणि उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर पांढरा पडणारा थर. ज्या लोकांनी कथा रचली त्यांनी समोरची भूमी बारकाईने पाहिली होती आणि तिच्यात जे दिसले तेच कथेत घातले, असे आम्हांला वाटते.

म्हणूनच अलीकडे ऐकू येणारे एक विधान आम्हांला पटत नाही. लवणासुराची कथा ही उल्कापाताची आठवण असून प्राचीनांना सारे ठाऊक होते, असे काही जण सांगतात. विवराचे वय पूर्वी सुमारे ५० हजार वर्षे मानले जाई; २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. कोणताही आकडा घेतला तरी एवढ्या काळापलीकडची आठवण कथेतून टिकली असे मानणे कठीण आहे. शिवाय कथेत आकाशातून काहीच पडत नाही. उलट झाकण भूमीवरून उडते. १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने सरोवराची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ अनेक विद्वान याला ज्वालामुखीचे मुख समजत होते. आघाताने बनलेल्या काचेचा पुरावा १९७३ साली प्रसिद्ध झाला तेव्हा उल्केची गोष्ट निश्चित झाली.

रक्त आणि मांस. ग्रीक देवांच्या नसांत रक्त नसून इकोर नावाचा दिव्य रस वाहतो, असे होमर सांगतो. लोणारच्या दैत्याचे रक्त मात्र खारे पाणी झाले आणि मांस माणसांच्या उपयोगी पडले. येथील क्षारांना गुणानुसार दल्ला, निमक दल्ला, खप्पल, पापडी, भुस्की अशी नावे होती. साबण व काच यांसाठी ते वापरले जात. अकबराच्या काळातील 'आईन-इ-अकबरी'तही लोणारच्या या द्रव्यांचा उल्लेख आहे. क्षार काढण्याचे काम आता बंद आहे आणि ही नावे जाणणारी माणसेही विरळ झाली आहेत.

धार. काठावरच्या गोमुखातून बारमाही गोडे पाणी पडते. तिला गंगाभोगावती असेही म्हणतात. भोगावती हे पुराणांतील पाताळगंगेचे नाव. खाऱ्या विवराच्या कडेला गोडे पाणी आले कोठून, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. ग्रीसमधील आल्फिओस नदी समुद्राखालून वाहत जाऊन सिसिलीतील सिराकुस येथे आरेथुसा झऱ्यात प्रकटते, अशी ग्रीकांची समजूत होती. या सिराकुस नगरीत संत पौल रोमला जाताना तीन दिवस राहिला होता.

कमळजा. विवराच्या आत, पाण्याच्या काठी या देवीचे मंदिर आहे आणि नवरात्रात तेथे यात्रा भरते. नावाचा अर्थ कमळातून जन्मलेली, म्हणजे लक्ष्मी. ज्या क्षारयुक्त पाण्यात कमळ उगवणे कठीण, त्याच्या काठी हे नाव!

पंचाप्सर. रामायणात पाच अप्सरांचे एक सरोवर येते. ते हेच, असे काही जण मानतात. ग्रीकांच्या झऱ्यांत नायाड नावाच्या जलकन्या असत, एवढेच येथे नोंदवतो.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा पुष्कळांना दैत्याचे रक्त आठवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले, तेव्हा रंगाचे कारण हॅलोआर्किया हे क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे दिसले. पाणी आटून क्षारता वाढली की ते फोफावतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्यानंतरच्या काळात मात्र उलट घडते आहे. पाणी चढून कमळजेच्या मंदिराला भिडले, आणि गोड्या पाण्याची भर अशीच पडत राहिली तर क्षार पातळ होतील ही अभ्यासकांची चिंता आहे. येत्या उन्हाळ्यात जे वाचक लोणारला जातील त्यांनी काठावर पांढरा थर कोठपर्यंत दिसतो हे जरूर पाहावे आणि आम्हांला कळवावे.